मंद आचेवरचं पाणी



आज मी गरम पाण्याबद्दल बोलणार आहे. विषय साधा वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात याच गरम पाण्यापायी आमच्या गटाच्या हातात आलेलं काम जायची वेळ आली होती. काय चुकलं, ते कसं कळलं आणि आम्ही काय केलं, हे सगळं हिशेबासकट सांगते. तुमच्यापैकी कुणी वसतिगृहाची खानावळ चालवत असेल, कृषी पर्यटनाच्या खोल्या सांभाळत असेल किंवा पुढे असं काम घेणार असेल, तर वही-पेन घेऊन बसा.

आमचा गट अकरा जणींचा. गाव नाशिक जिल्ह्यात, निफाडच्या बाजूला. आमच्याकडची थंडी तुम्हाला बातम्यांमधून माहीतच आहे. जवळच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकाचं काम आमच्याकडे आलं. साठ मुली. त्याबरोबर आंघोळीच्या गरम पाण्याची व्यवस्थाही आम्हीच बघायची असं ठरलं. महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची आणि पाणी तापवण्याचं वीजबिल त्यातूनच भरायचं. गच्चीवर हजार लीटरची टाकी आणि तिच्या शेजारी नवा हीट पंप बसवलेला होता. आम्हाला वाटलं, बटण दाबायचं आणि पाणी घ्यायचं. त्यात काय एवढं?

डिसेंबर लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. पहाटे पहिल्या येणाऱ्या मुलींना कडकडीत पाणी आणि शेवटच्या वीस-पंचवीस मुलींना गार. आमच्या वहिनींनी उपाय म्हणून यंत्राचा आकडा पन्नासवरून साठवर नेला. दोन दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीचा हात नळाखाली भाजला. फोड आले नाहीत, पण दोन दिवस तिला पेन्सिल धरता आली नाही. शेवटच्या मुलींना पाणी गारच होतं. वर बिल वाढलं. बैठकीत अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "काम परत देऊन टाकू. लेकराला भाजून आपल्याला पैसा नको."

काम सोडायच्या आधी यंत्र नीट समजून घ्यायचं ठरलं. आयटीआयमध्ये शिकवणारे ओळखीचे एक सर दोन रविवार येऊन गेले. त्यांनी जे समजावलं ते आता माझ्या भाषेत सांगते.

हीट पंप म्हणजे काय?

चालू फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा. गरम लागतं. फ्रिज आतल्या वस्तूंमधली उष्णता ओढून बाहेर टाकत असतो. हीट पंप हेच काम उलट्या हेतूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि ती पाण्यात सोडतो. थंडीतल्या हवेतही उष्णता असते. ती फक्त कमी असते.

हे होतं कसं? यंत्राच्या नळ्यांमध्ये एक खास वायू फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो ना, तसा दाबलेला वायू तापतो. त्याची उष्णता पाण्याला मिळते. मग त्याचा दाब कमी केला की तो खूप थंड होतो, आणि बाहेरची हवा त्याच्यापेक्षा गरम असल्यामुळे हवेतली उष्णता त्याच्यात शिरते. पुन्हा दाब, पुन्हा उष्णता. असं चक्र.

आता याचा हिशेब बघा. एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. हजार लीटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचं तर ३०,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण ३५ युनिट. साध्या कॉइलच्या गिझरला तेवढी ३५ युनिट वीज द्यावीच लागते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतून वाहून आणतो. म्हणून त्याला एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची उष्णता देता येते. तेच काम १२ युनिटच्या आसपास होतं.

पण एक अट आहे. पाणी जितकं जास्त तापवायचं तितका वायू जास्त दाबावा लागतो. पाण्याचा आकडा एक अंशाने वाढवला की यंत्राचा फायदा साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटतो. डोक्यावरचा हंडा सपाट रस्त्याने नेणं आणि चढावर नेणं यात फरक आहे, तसंच.

कमी-जास्त वेगाचं यंत्र

जुने हीट पंप एकाच वेगाने चालत. चालू झाले की पूर्ण जोरात, आकडा गाठला की बंद. पाणी थंड झालं की पुन्हा पूर्ण जोरात. आमचा नवा पंप इन्व्हर्टरवाला होता. आपल्याकडे लाइनची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि मोटारीचा वेग त्यावर ठरतो. इन्व्हर्टर हा वेग कमी-जास्त करू शकतो. त्यामुळे पाणी खूप गार असेल तर कॉम्प्रेसर जोरात पळतो, आणि आकडा जवळ आला की हळू होतो.

दूध आटवताना आपण काय करतो ते आठवा. सुरुवातीला गॅस मोठा. दुधाला उकळी यायला लागली की आच बारीक. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा मोठा करणारी बाई कधी नीट बासुंदी करणार नाही. इन्व्हर्टर यंत्र दर काही सेकंदांनी दोन गोष्टी बघतं: पाणी आकड्यापासून किती दूर आहे, आणि किती भराभर जवळ येत आहे. त्यावरून ते आच ठरवतं.

हळू चालण्याचा फायदा विजेतही होतो. आतल्या नळ्यांचा पसारा तेवढाच राहतो आणि त्यातून कमी उष्णता जायची असते. त्यामुळे ती सहज जाते आणि वायू फार दाबावा लागत नाही. म्हणून तीन तास जोरात चालण्यापेक्षा सहा तास हळू चालणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

मात्र हळू चालण्यालाही मर्यादा आहे. बहुतेक यंत्रं पूर्ण ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांशापेक्षा खाली जात नाहीत. त्याहून कमी उष्णता लागत असेल तर त्यांना थांबावंच लागतं. म्हणून टाकीतलं पाणी चार-पाच अंशांनी खाली-वर होणं ठीक आहे. ५० ला थांबलं आणि ४५ ला पुन्हा सुरू झालं, तर काही बिघडत नाही. दर दहा मिनिटांनी चालू-बंद होणं मात्र वाईट. त्याने वीजही जाते आणि कॉम्प्रेसरही झिजतो. आमचं यंत्र नेमकं तेच करत होतं.

आमचं काय चुकत होतं?

सरांनी पहिल्या दिवशी कशालाही हात लावला नाही. त्यांनी दोन थर्मामीटर दिले आणि वही करायला लावली. यंत्रात जाणाऱ्या पाइपवर एक थर्मामीटर, यंत्रातून येणाऱ्या पाइपवर दुसरा. दर अर्ध्या तासाला दोन्ही आकडे लिहायचे. सोबत टाकीतलं तापमान आणि मीटरचं रीडिंग. आठवडाभर आम्ही पाळीपाळीने लिहिलं. त्या वहीतून चार चुका सापडल्या.

पहिली चूक जाळीची. टाकीतलं पाणी छोट्या पंपाने यंत्रातून फिरतं. वाटेत कचरा अडवणारी एक जाळी असते. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार भरपूर. जाळी पांढऱ्या थराने जवळजवळ बुजली होती. १२ किलोवॅट उष्णता देणाऱ्या यंत्रातून पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३४ लीटर पाणी फिरायला हवं, तेव्हा आत-बाहेरचा फरक ५ अंशांच्या आसपास राहतो. आमच्या वहीत फरक १२-१३ अंश दिसत होता. म्हणजे पाणी निम्म्याहून कमी फिरत होतं. कमी पाण्यात तेवढीच उष्णता गेली की ते जास्त तापणारच.

दुसरी चूक सेन्सरची. सेन्सर म्हणजे यंत्राचा हात, ज्याने ते पाणी चाचपून बघतं. तो टाकीच्या पोटात असलेल्या खास नळीत खोचायचा असतो. बसवणाऱ्याने तो यंत्रातून येणाऱ्या पाइपलाच बांधून ठेवला होता. आता या दोन चुका एकत्र जोडून बघा. टाकीत पाणी ३७ अंश. ते यंत्रातून जाताना १३ अंशांनी तापलं आणि पाइपमध्ये ५० झालं. सेन्सर म्हणाला, काम झालं! यंत्र थांबलं. पाइप गार झाला, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. रात्रभर हेच. टाकीचा वरचा भाग तापायचा आणि खालचं पाणी तसंच राहायचं.

आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरचं कडकडीत पाणी तोटीतून बाहेर यायचं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. टाकीतही तसंच असतं. पहिल्या मुलींना वरचं पाणी मिळत होतं आणि शेवटच्या मुलींना तळातलं.

तिसरी चूक आमचीच, आकडा वाढवण्याची. ५५ च्या वर मागितलं की आमच्या टाकीतली मदतीची विजेची कॉइल आपोआप सुरू होते. म्हणजे एका युनिटला तीन मिळवण्याऐवजी आम्ही एकाला एकच घेत होतो. वरचं पाणी साठ झालं, लेकराचा हात भाजला. तळ गारच राहिला, कारण खरा दोष आकड्यात नव्हताच.

चौथी चूक वेळेची. आम्ही यंत्र रात्री दहाला सुरू करायचो. रात्री आणि पहाटे हवा सगळ्यात थंड असते, म्हणजे यंत्राचा चढाव सगळ्यात मोठा. आमच्याकडे जानेवारीतही दुपार चांगली उबदार असते. त्या वेळी तीच वीज जास्त उष्णता आणते.

काय दुरुस्त केलं?

जाळी साफ केली. मेन स्विच बंद, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, मग जाळी काढून ब्रशने घासायची. हे आता आमच्या दोघीजणी दर महिन्याला करतात. वायूच्या नळ्यांना आणि विजेच्या डब्याला मात्र आम्ही हात लावत नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

सेन्सर टाकीच्या नळीत, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर बसवून घेतला. आता यंत्राला खालचंही पाणी कळतं, आणि टाकी खरोखर तापल्याशिवाय ते थांबत नाही. आकडा ५० वर आणला आणि तिथेच ठेवला. वेळ बदलून दुपारी एक ते पाच मुख्य तापवणं आणि पहाटे चारला थोडं पूरक तापवणं असं केलं. टाकीचं आणि पाइपांचं फाटलेलं उष्णतारोधक आवरण बदललं, नाहीतर दुपारची ऊब रात्रीत निघून गेली असती.

बाहेर जाणाऱ्या पाइपवर गरम आणि गार पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवला. त्यातून मुलींच्या नळाला ४० ते ४२ अंशांचंच पाणी जातं. या एका वस्तूला पैसे लागले, ते वसतिगृहाने दिले. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलांची तर त्याहून लवकर. म्हणून या व्हॉल्व्हवर काटकसर करू नका.

एक प्रश्न राहिला. ५० अंशांचं हजार लीटर पाणी साठ मुलींना पुरेल का? पाटीवर गणित मांडलं. एका मुलीला २० लीटरची बादली, ४० अंशांची. ५० आणि २० अंशांचं पाणी मिसळून ती करायची तर गरम पाणी १३ लीटरच्या थोडं वर आणि बाकी गार. साठ मुलींना मिळून ८०० लीटर. म्हणजे टाकी पुरते, पण ती तळापर्यंत तापलेली असली तरच. आकडा वाढवायची गरज कधीच नव्हती. हे गणित आधी केलं असतं तर त्या मुलीचा हात भाजला नसता, याची खंत आम्हाला आहे.

साठवलेल्या कोमट पाण्याची एक काळजीही सांगते. त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो. फवाऱ्याच्या तुषारांबरोबर तो श्वासात गेला तर न्यूमोनियासारखा आजार होतो. २० ते ४५ अंशांत तो वाढतो, ६० अंशांत मरतो. म्हणून आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री न्हाणीघरं बंद असताना, आम्ही कॉइल लावून टाकी ६० अंशांवर नेतो आणि तासभर ठेवतो. मग आकडा पुन्हा ५०. वहीत दोन सह्या लागतात, एकटीने हे करायचं नाही.

थंड देशांत काय करतात?

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात जमिनीखाली वळणावळणाच्या पाइपांची चित्रं होती. आम्हाला वाटलं, चुकीचं पुस्तक आलं. सर म्हणाले, हे यंत्र मुळात घर उबदार ठेवण्यासाठी आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत हीट पंप घरोघरी आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या टाउन हॉलमध्ये तर १९३८ सालापासून लिमाट नदीच्या पाण्यातली उष्णता घेऊन इमारत तापवली जाऊ लागली.

तिथे तापलेलं पाणी फरशीखालच्या पाइपांतून फिरतं. फरशी मोठी असते, त्यामुळे ३५ अंशांच्या आसपासचं पाणीही पुरतं. आणि बाहेरच्या हवेप्रमाणे आकडा आपोआप बदलतो. गारठा वाढला की पाणी थोडं जास्त गरम, ऊन पडलं की थोडं कमी. यंत्र हळूहळू दिवसभर चालू राहतं. फिरणारं पाणी कमी असेल तर मध्ये एक जास्तीची टाकी ठेवतात, म्हणजे यंत्राला सारखं चालू-बंद करावं लागत नाही. कधी बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र काही मिनिटं पाण्यातलीच उष्णता परत घेतं. तेव्हाही ही टाकीच घर गार होऊ देत नाही. देश वेगळा, काम वेगळं, पण नियम आपल्यासारखाच: कमी आकडा, पुरेसं फिरणारं पाणी, योग्य जागी सेन्सर आणि मंद आच.

काम घेण्याआधी हे विचारा

मैत्रिणींनो, असं काम घेताना करारावर सही करण्याआधी पाच गोष्टी बघा. एक, किती माणसं आणि किती लीटर गरम पाणी, हे गणित स्वतः करा. दोन, टाकीचा सेन्सर कुठे आहे ते दाखवायला सांगा. तीन, यंत्राच्या आत-बाहेरच्या पाइपांवर थर्मामीटर आणि पाणी तापवण्यासाठी वेगळा मीटर मागा. चार, पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह आहे का ते पाहा. पाच, वर्षातून एकदा क्षार काढण्याचा आणि वायू तपासण्याचा खर्च कोण करणार, हे करारात लिहून घ्या.

आमच्या वहीप्रमाणे आधी दिवसाला २९ युनिटच्या आसपास वीज लागत होती. आता १६ लागते. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला तीन हजारांहून जास्त वाचतात. सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणणार नाही. कडाक्याच्या थंडीत शेवटच्या चार-पाच मुलींचं पाणी अजून कोमट होतं. त्यासाठी मोठ्या मुलींनी स्वतःहून संध्याकाळची पाळी घेतली आहे.

अध्यक्ष मावशींनी आता गच्चीच्या दारावर वही टांगली आहे. तिच्यावर खडूने लिहिलंय, "आकडा बदलण्याआधी वही बघा." गार पाण्याची तक्रार आली की हात आधी बटणाकडे जातो. तो हात थांबवून जाळी, सेन्सर आणि वहीकडे न्यायला आम्हाला एक महिना लागला. तुम्हाला तेवढा लागू नये, म्हणून हे सांगितलं.

तुमच्या गटाकडे असं यंत्र असेल तर आठवडाभर आकडे लिहून बघा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.